विंचवाची राखलेली नांगी

फुलीबाई आमच्या मागच्या गल्लीत राहते. तिचं आडनाव गावात निम्म्या लोकांना ठाऊक नाही, पण गोंदणारी कुठे राहते असं विचारलं, तर कोणीही दारापर्यंत सोडून येईल. साठीची आहे, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. अंगाने काडी, आवाज मात्र असा की ती तिच्या अंगणात शिंकली तर माझ्या चुलीजवळची मांजर उठून बसते.

सोळाव्या वर्षी ती लग्न होऊन आमच्या गावात आली. सासू गोंदणारी होती. सुनेच्या हातात तिने लगेच माणसाचा हात दिला नाही. दोन वर्षं दुधी भोपळ्यावर सुई चालवायला लावली. भोपळ्याची साल आणि माणसाची कातडी सारख्याच मऊ असतात, असं सासूचं म्हणणं. त्या दोन वर्षांत त्या घरात गोंदलेल्या भोपळ्याची भाजी सगळ्यांनी खाल्ली. फुलीबाईचा नवरा भिला सांगायचा, "मन्हा पोटमां जितला मोर गयात, तितला रानमां नहीत." गरीब माणूस होता. जत्रेत गिऱ्हाईकाचा हात धरून ठेवायचं काम त्याचं. तो गेल्यापासून गिऱ्हाईक आपलं आपणच ओठ चावतं.

सारंगखेड्याच्या जत्रेत तिची जागा ठरलेली आहे. रस्ता घोडेबाजाराकडे वळतो त्या कोपऱ्यावर, लिंबाखाली. एक पोतं, चित्रांची पाटी, शाईच्या बाटल्या, आणि आता सात-आठ वर्षांपासून बॅटरीवर चालणारं मशीन. मशीन आलं तेव्हा ती नाराज होती. भुंग्यासारखं कानाशी गुणगुणतं म्हणायची. मग एका दिवसात चाळीस हात झाले आणि तिची नाराजी गेली.

तिची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं.

ती कोणतंही गोंदण पुरं करत नाही. एक ठिपका राखून ठेवते. तुळस काढली तर वरची मंजिरी राहते, मोर काढला तर डोळा राहतो, विंचू काढला तर नांगी राहते. शेपटी वर वळून येते आणि टोकाशी एक ठिपक्याची जागा मोकळी. गिऱ्हाईकाला सांगते, पुढच्या जत्रेला ये, मी फुकट भरून देईन. सासूची रीत. सासू म्हणे, कच्च्या कातडीवर नांगी दिली की विंचू ज्याचा त्यालाच डसतो. वर्षभर कातडी पिकू द्यावी, मग नांगी द्यावी. असं का, ते सासूने सांगितलं नाही आणि सुनेने विचारलं नाही. काहीजण येतात, बरेचजण येत नाहीत. माझ्याही कोपरावर तिच्या सासूने काढलेली तुळस आहे, तिला मंजिरी नाही. पुढच्या जत्रेला मी बाळंतीण होते. त्यानंतर राहिलं ते राहिलंच.

आणखी एक. फुलीबाईला माणसाचं तोंड लक्षात राहत नाही. दहादा भेटलेला माणूस समोर उभा राहिला तर विचारेल, तू कोण. पण बाही वर केली की लगेच सांगेल, हे अमक्या सालचं, तेव्हा तू हात फार हलवत होतास.

तर गेल्याच्या गेल्या वर्षी जत्रा उलगायला चार दिवस राहिले होते, तेव्हा भूपेंद्रची घोडी गेली.

भूपेंद्र तापीकाठचा शेतकरी, घोड्यांचा शौकीन. चांदणी नावाची त्याची घोडी होती, काळीभोर, कपाळावर पांढरा टिकला. विकायला आणली नव्हती, मिरवायला आणली होती. सकाळी सातचा सुमार. भूपेंद्र चहाला गेला, परत येऊन बघतो तर खुंटा रिकामा. एवढ्या माणसांतून, दिवसाउजेडी, कोणीतरी घोडी सोडून चालवत नेली आणि कोणाला वावगं वाटलं नाही. घोडेबाजारात माणूस घोडी घेऊन चालला तर वावगं वाटणार तरी कसं?

घोडी सांभाळायला दिवाल्या होता. धडगावकडच्या डोंगरातला, पस्तिशीचा, शांत माणूस. तीन वर्षं जत्रेत भूपेंद्रकडे काम करत होता. तो त्या दिवशी सकाळपासून दिसत नव्हता. दोन दिवसांनी पोलिसांनी त्याला धडगावच्या पुढे त्याच्या घरून आणलं. तो म्हणाला, बापाला बरं नाही असा निरोप आला, म्हणून अंधार असतानाच निघालो, शेजारच्या तंबूतल्या माणसाला सांगून निघालो. शेजारच्या तंबूतला माणूस म्हणाला, मला आठवत नाही. दिवाल्या म्हणाला, शहाद्याहून जीपने गेलो. आता जीपला काही तिकीट नसतं, आणि जीपवाल्याच्या गाडीत आत, मागे, टपावर मिळून इतकी माणसं असतात की कोण कोण होतं हे त्याची आईसुद्धा सांगणार नाही.

तेवढ्यात पोलिसांना एक व्हिडिओ मिळाला. कोणा हौशी माणसाने सकाळी घोड्यांचा काढलेला. त्याच्या कडेला चांदणी दिसते आणि तिचं दावं सोडणारा एक हात दिसतो. माणूस दिसत नाही, नुसता हात. बाही वर सरकलेली, आणि मनगटाच्या वर विंचू. दिवाल्याच्याही उजव्या हातावर विंचू होता.

पोलिसांनी त्या हाताचा फोटो मोठा करून कागदावर काढला आणि शिवाजी हवालदार तो घेऊन फुलीबाईच्या पोत्याशी आला. तिने चष्मा पुसला, कागद उन्हात धरला. हवालदाराने विचारलं, हे तुझं काम का. फुलीबाईने विंचवाचे पाय बघितले. ती प्रत्येक पायाला शेवटी बारीक बाक देते, जनावर आत्ताच चालायला लागलंय असा. तो बाक बघून तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "हाई मन्हंच काम शे. असा पाय आख्खा खान्देशमां दुसरं कोणी काढी दाखाडो."

हवालदाराने लिहून घेतलं. मग दिवाल्याच्या हाताचा फोटो दाखवला. तेही तुझं का? तेही माझंच, ती म्हणाली. तेही लिहून घेतलं.

तिला वाटलं, आपल्या कामाबद्दल विचारतायत. चाळीस वर्षांत तिला कोणी कागद घेऊन येऊन विचारलं नव्हतं की बाई, हे तुम्ही काढलं का. ती दोनदा हो म्हणाली, आणि कोणाबद्दल हो म्हणाली ते तिला कळलंही नाही. पोलिसांच्या हिशेबी गोंदणारीने माणूस ओळखला होता.

पेपरात आलं. गोंदणावरून घोडीचोर पकडला, आणि खाली फुलीबाईचं नाव. शेजारी फोटो. जत्रा संपवून ती घरी आली तेव्हा माझ्या नातीने, काजलने, ते कात्रण तिला कापून दिलं. फुलीबाईने ते देवाच्या फोटोखाली भिंतीला चिकटवलं. गल्लीतल्या सगळ्या बायका बघून आल्या. मीही गेले होते. चहा प्यायले आणि तिला म्हटलं, आता तुला पोलिसात नोकरी लागते बघ. ती लाजली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण तेव्हा माझ्याही डोक्यात दुसरं काही आलं नव्हतं.

पाच दिवसांनी तुळशीबाई आली. दिवाल्याची बायको. धडगावहून शहाद्याला जीपने, तिथून एसटीने, मग विचारत विचारत. फुलीबाई अंगणात शाईच्या बाटल्या धूत होती आणि मी बाजेवर बसून तिला उगाच सल्ले देत होते. बाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या कपाळावर आणि डोळ्यांच्या कडेला जुनं गोंदण होतं, डोंगरातल्या बायांचं असतं तसं. फुलीबाईने आधी ते बघितलं, मग बाईकडे. ये, बस म्हणाली, पाणी दिलं. तिला वाटलं गिऱ्हाईक आलं.

तुळशीबाई आत आली आणि भिंतीशी थांबली. तिला वाचता येत नव्हतं. पण कात्रणात फोटो होता ना. दोन पोलीस, मध्ये दिवाल्या, त्याच्या तोंडावर फडकं टाकलेलं. तोंड झाकलं होतं, हात उघडा होता. तिने हातावर बोट ठेवलं आणि आपल्या तुटक मराठीत म्हणाली, "हा माझा माणूस."

फुलीबाईच्या हातातली बाटली खाली पडली नाही की काही नाही. तिने ती नीट ठेवली, हात पदराला पुसले. 

तुळशीबाई ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, आमच्या गल्लीत ओरडणाऱ्या बाईला उत्तर द्यायची सगळ्यांना सवय आहे. ती खाली बसली आणि एकेक विचारत गेली. तू विंचू किती काढलेस? फुलीबाई म्हणाली, कोण मोजतं, याच जत्रेत पन्नास-साठ झाले असतील. त्याच्या आदल्या जत्रेत? तितकेच. मग तुळशीबाई म्हणाली, "एवढे विंचू, आणि चोर माझाच माणूस कसा?"

फुलीबाई म्हणाली, तुझा माणूस चोर आहे असं मी म्हटलंच नाही. मी म्हटलं विंचू माझा आहे.

तुळशीबाईने नुसतं भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं.

तिचा सासरा खाटेवर होता. दिवाल्या एकुलता. म्हातारा दिवसातून चारदा विचारायचा, पोरगा कुठे गेला, आणि बाई सांगायची, जत्रेत आहे. जत्रा संपली होती हे म्हाताऱ्याला कळत होतं. तिने हे सांगितलं, पाणी प्यायली आणि तिथेच बसून राहिली. जाईना.

फुलीबाईने मला बाजूला घेऊन विचारलं, आता काय करू. मी म्हटलं, पोलिसांना सांग, विंचू पुष्कळांना आहेत. ती म्हणाली, ते त्यांना ठाऊक नसेल का? त्यांचं म्हणणं, विंचू आहे, घोड्याजवळ होता, आणि पळाला. मग मी म्हटलं, त्या फोटोत आणखी काही नव्हतं का? ती म्हणाली, मी पायच बघितले. शेपटीवर दोरी आली होती.

बाईला घेऊन आम्ही माझ्या घरी आलो आणि काजलला हे सांगितलं; ती आत अभ्यास करत होती, म्हणजे मोबाईल बघत होती. ती म्हणाली, "आजी, तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. सगळ्यांकडेच आहे."

आम्ही चौघी माझ्या ओसरीवर बसलो. व्हिडिओ होता इतकासा, मी एक घास चावून गिळेन तेवढ्यात संपला. फुलीबाईने पाच-सहा वेळा बघितला आणि म्हणाली, हे पळतंय, कातडी पळते का कधी, थांबव याला. काजलने थांबवला. मग दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मग एकेक पाऊल टाकावं तसा पुढे सरकवला. दोरी विंचवावरून जाते, खुंट्याला अडकते, हात वळतो, आणि पापणी लवायच्या आत दोरी बाजूला होते. काजलने नेमका तिथे थांबवला.

फुलीबाई मोबाईलवर इतकी वाकली की तिच्या श्वासाने काच धुरकटली. काजलने काच पुसून परत धरली. फुलीबाई बोटाने हवेत शेपटीचे ठिपके मोजत होती. एक, दोन, असे सात. मग ती थांबली.

"नांगी नही शे," ती म्हणाली.

तिने तुळशीबाईकडे वळून विचारलं, तुझ्या माणसाने विंचू कधी काढून घेतला. तुळशीबाईला साल सांगता येईना. धाकटा पोरगा झाला त्याच्या आदल्या जत्रेत, म्हणाली. आणि नंतरच्या जत्रेला तो परत गेला होता का? तुळशीबाई म्हणाली, हो, पोरगा तीन महिन्यांचा होता. घरी आला तो खाजवतच, आणि एका ठिपक्यासाठी एवढं काय म्हणून मी त्याला खोबरेल लावून दिलं होतं. धाकटा आता शाळेत जातो.

म्हणजे दिवाल्याच्या विंचवाला नांगी होती. घोडी सोडणाऱ्या हाताला नव्हती.

सरळ गोष्ट होती. पण सरळ गोष्ट साहेबाला सांगायची म्हणजे वाकडी वाट. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. आम्ही चौघी गेलो तेव्हा दिवाल्याला धरून दहावा दिवस होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत कोर्टात उभं करायचं होतं. साहेब तरुण होता, पुण्याकडचा. त्याने व्हिडिओ बघितला, दिवाल्याला बाहेर आणवलं, हात बघितला. नांगी होती. तुळशीबाईने नवऱ्याकडे बघितलं. दिवाल्याने फक्त विचारलं, बा? ती म्हणाली, आहे.

साहेब म्हणाला, यात काय, चोरीनंतर भरून घेतली असेल. त्याला पकडायला दोन दिवस लागले होते.

फुलीबाई म्हणाली, दहा-बारा दिवसांचा ठिपका आणि सहा वर्षांचा ठिपका सारखा नसतो. तिने पाणी मागितलं, पदराचं टोक ओलं करून दिवाल्याचा हात पुसला आणि दाखवत गेली. नवा ठिपका काळा असतो, वर खपली असते, कडा उठलेल्या असतात. जुना हिरवा पडतो आणि कडेने पाझरतो, पावात चहा चढावा तसा. याचे पाय बघा, पाझरलेले. नांगी बघा, तीही पाझरलेली. आता मोबाईलमधला विंचू बघा, काळा कुळकुळीत आणि कडा धारदार. तो याच जत्रेतला आहे. बाकी काही सांगत नाही, पण तो याच जत्रेतला आहे.

साहेब हसला. वाईट नव्हता, पण हसला. म्हणाला, "आजी, कातडी बघून वर्ष सांगता येतं होय?"

फुलीबाईला राग आला. ती साहेबाला काही बोलली नाही, शिवाजी हवालदाराला म्हणाली, "भाऊ, बाही वर कर." हवालदाराने साहेबाकडे बघितलं. साहेबाने मान हलवली. हवालदाराच्या हातावर आतल्या बाजूला 'आई' असं गोंदलेलं होतं. फुलीबाईने हात उजेडाकडे वळवला, अंगठ्याने कातडी ताणली, एकदा इकडून बघितलं, एकदा तिकडून.

म्हणाली, हे मशीनचं आहे, पंधरा-सोळा वर्षांचं. तेव्हा तू बारीक होतास, कारण कातडी नंतर ताणली गेली आहे. एवढ्यावर हवालदाराचा एक जोडीदार खोकला. मग ती म्हणाली, "आनि गोंदणारा डावखोरा व्हता."

हवालदार तिच्याकडे बघतच राहिला. भरतीच्या आधी खांडबाऱ्याच्या बाजारात काढून घेतलं होतं, म्हणाला, स्टेशनाकडून येताना लागतो त्या कोपऱ्यावर. गोंदणारा डाव्या हाताने जेवतो हेही त्याला आठवलं, कारण मध्येच उठून तो भजी खायला गेला होता आणि हवालदार अर्धी 'आई' घेऊन बसून राहिला होता.

साहेबाने विचारलं, डावखुरा कसा कळला. तर ती म्हणाली, रेघ जिथून सुरू होते तिथे जाड असते आणि उचलते तिथे बारीक होते. याची उलटीकडून बारीक होते. ठाण्यातल्या आणखी दोघांनी बाह्या वर केल्या. एकाचं तिने बघितलं आणि सांगितलं, हे तू घरी स्वतःच काढून बघितलंस आणि घाबरून मध्येच सोडलंस. तो म्हणाला, नववीत होतो. साहेबाने आपली बाही खाली ओढून बटण लावलं. त्यात काय होतं ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. काजल म्हणते, कोणाचं तरी नाव असणार.

मग साहेबाने कागद घेतला आणि फुलीबाईचा नवा जबाब लिहायला लावला. या वेळी तिने प्रत्येक वाक्य परत वाचून घेतलं. विंचू माझा, माणूस मला माहीत नाही, असं स्वच्छ लिहा म्हणाली.  

दिवाल्या त्याच दिवशी सुटला असं नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टात तो कागद गेला, वकिलाने दाखवला, आणि तिसऱ्या दिवशी जामिनावर तो बाहेर आला. म्हातारा त्याची वाट बघत होता. तो वाचला. आता उन्हात खाट टाकून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या घालतो, असं ऐकते.

नांगी नसलेला नवा विंचू शोधा, असं साहेबाने सगळीकडे कळवलं. वीस-बावीस दिवसांनी गुजरातेत एका बाजारात चांदणी सापडली. कपाळावरचा टिकला काळा रंगवला होता, पण घाम आला की रंग उतरायचा. तिला धरून नथ्थू नावाचा माणूस उभा होता, घोड्यांचा दलाल. हातावर विंचू, शेपटीला सात ठिपके, पुढे मोकळी कातडी. फुलीबाईला फोटो आला. तिने पाय बघितले, शेपटी बघितली आणि हवालदाराला फोनवर सांगितलं, विंचू माझा आहे, माणूस तुम्ही बघा.

दिवाल्यावरची केस काढून टाकली. पेपरात या वेळी चार ओळी आल्या, आतल्या पानावर, फोटो नाही. फुलीबाईने जुनं कात्रण काढून चुलीत घातलं होतं. नवं तिने मागितलं नाही.

आता पुढच्या जत्रेची गंमत. मी सहसा जात नाही, पायांना चालवत नाही, पण त्या वर्षी काजलला म्हटलं, मला ने. लिंबाखाली जाऊन बघते तर फुलीबाईच्या पोत्यासमोर रांग. धडगावचे, खांडबाऱ्याचे, तळोद्याचे, नदीपलीकडचे, सगळे पुरुष, आणि सगळ्यांच्या हातावर विंचू. दहा-दहा वर्षांपूर्वी नांगी राखलेले, परत कधी फिरकले नव्हते ते सगळे. बिननांगीच्या विंचवाला पोलीस धरतात, अशी डोंगरापर्यंत हवा झाली होती. एक रेवजी नावाचे सत्तरीचे आजोबा आले होते. त्यांचा विंचू सासूच्या हातचा. त्यांना कोणी विचारलं, तुम्हाला कोण धरणार आता. तर म्हणाले, धरो न धरो, घोडी चोरल्यासारखं वाटतंय.

शिवाजी हवालदार बंदोबस्तावर होता. रांग बघून त्याने कपाळाला हात लावला. सगळ्यांना नांग्या दिल्यास तर पुढच्या वेळी आम्ही ओळखायचं कसं, असं तो फुलीबाईला म्हणाला. ती म्हणाली, तोंड बघत जा. मशीन चालूच होतं.

दुपार कलल्यावर दिवाल्या आणि तुळशीबाई आले. दिवाल्या आता भूपेंद्रकडे काम करत नाही. भूपेंद्रने निरोप पाठवला होता, पण तो गेला नाही. तो लिंबाला टेकून उभा राहिला आणि तुळशीबाई पोत्यावर बसली. फुलीबाईने तिला लगेच ओळखलं. फुलीबाईने तोंड ओळखलेलं मी तेवढंच एक पाहिलं.

तुळशीबाईने उजवा हात पुढे केला. म्हणाली, याच्यासारखा विंचू काढ. फुलीबाईने काढला, पाऊण तास लागला. पाय तर असे काढले की मी वाकून बघायला गेले आणि मागे सरले. सात ठिपके झाले आणि तिने मशीन उचललं.

तुळशीबाई म्हणाली, "आणि नांगी?"

फुलीबाई म्हणाली, पुढच्या जत्रेला. कच्ची कातडी आहे, डसेल. सासूची रीत सांगितली, सगळ्यांना सांगते तशी.

तुळशीबाईने हात मागे घेतला नाही. म्हणाली, "तुझ्या दोन शब्दांनी आम्ही तेरा दिवस काढले. मी आता वर्षभर थांबणार नाही. भर."

 दिवाल्या खाली बघत होता. फुलीबाई मशीन हातात धरून बसून राहिली. सासूने तिला दिलेल्या गोष्टींत एक पितळी डबी होती, ती चोरीला गेली, आणि सुयांचा जुडगा होता, तो गंजला. राखायला तेवढी एक रीत राहिली होती. मला वाटलं, ती आता बाईला समजावेल. तिने समजावलं नाही. तिने मशीन चालू केलं, शेपटीच्या टोकावर टेकवलं, आणि एवढा गोल, एवढा नेटका ठिपका दिला की तसा मी तिच्या हातून दुसरा बघितला नाही. मग पदराने शाई पुसली, खोबरेल लावलं आणि म्हणाली, "दुखलं, सुजलं तर निरोप धाड. मी ईसू." येईन म्हणाली खरी, पण शहाद्याच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती, धडगावचा घाट तर दूरच. तुळशीबाई उठली, हात फुंकत, आणि नवऱ्याच्या पुढे चालायला लागली.

त्यानंतर महिनाभर फुलीबाई रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर यायची आणि काजलला विचारायची, मोबाईलवर काही आलं का. मी म्हणायचे, अगं एक ठिपका तो, काय होणार आहे. ती म्हणायची, सासू उगाच सांगायची नाही.

महिन्याने निरोप आला. शिवाजी हवालदाराची बदली धडगावला झाली होती, त्याला तुळशीबाई बाजारात भेटली होती. तिने त्याला हात दाखवला आणि फुलीबाईला सांगायला सांगितलं. काही झालं नाही. सुजलंही नाही, खाजलंही नाही.

काजलने ते मोठ्याने वाचून दाखवलं.  मला वाटलं फुलीबाई सुटकेचा श्वास टाकेल. तर तिला थोडं वाईटच वाटलेलं दिसलं.

"खाजलं बी नही?" तिने विचारलं.

काजल म्हणाली, नाही.

 फुलीबाई म्हणाली, सासू जिवंत होती तेव्हाच विचारायला हवं होतं. तेव्हा धीर झाला नाही, आणि आता ती सांगणार नाही.

या वर्षीही ती जत्रेला गेली होती. विचारलं तर म्हणाली, सगळ्यांचा एकेक ठिपका राखला.

मी कोपर पुढे केला. म्हटलं, मग माझी मंजिरी तरी भरून टाक. तिने चष्मा लावून तुळस बघितली, अंगठ्याने कातडी ताणली आणि म्हणाली, आक्का, आता एवढी पिकली आहे की सुई कुठे टेकवू ते कळत नाही. पुढच्या वर्षी बघू.